हवाई लेझर स्कॅनिंग: शेंडा आणि जमीन यांच्या मधलं रान

पानगळ (धागाकर्ती)

जंगल किती उरलं, किती गेलं, ही चर्चा आपण कायम क्षेत्रफळात करतो. इतके चौरस किलोमीटर वाढले, इतके घटले. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसलं की जंगल धरायचं, नाही दिसलं की गेलं म्हणायचं. पण वरून अगदी सारखे हिरवे दिसणारे दोन पट्टे आत शिरल्यावर पार वेगळे निघतात. एकात उंच झाडं, त्यांच्याखाली मध्यम उंचीची, त्याखाली झुडपं, कुठे उन्मळून पडलेलं खोड आणि त्यामुळे आलेल्या उजेडात वर सरसावलेली रोपं. दुसऱ्यात एकाच वर्षी लावलेली एकाच उंचीची झाडं आणि खाली नुसता पाचोळा. पक्षी, वटवाघळं, कोळी, भुंगेरे यांच्यासाठी हा फरक जगण्यामरण्याचा असतो, आणि सपाट चित्रात तो दिसतच नाही.

विमानातून केलेलं लेझर स्कॅनिंग, म्हणजे हवाई लायडार, हा फरक मोजतं. मी याच डेटावर काम करते. मराठीत याबद्दल सलग वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून हा धागा.

आधी ते चालतं कसं ते सांगते. विमानाच्या पोटाशी बसवलेलं यंत्र सेकंदाला लाखो लेझर स्पंद खाली सोडतं. स्पंद आदळून परत यायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो. जाणं-येणं दोन्ही धरलं तर एका नॅनोसेकंदाची चूक म्हणजे १५ सेंटिमीटरची चूक, त्यामुळे घड्याळ फार काटेकोर लागतं. विमान त्या क्षणी कुठे होतं हे उपग्रहांच्या मदतीने कळतं, आणि किती कललेलं होतं ते आयएमयू नावाचं उपकरण सांगतं. तिन्ही जुळले की प्रत्येक परताव्याला, म्हणजे आदळून परत आलेल्या प्रकाशाच्या प्रत्येक नोंदीला, जागा आणि उंची मिळते. असे कोट्यवधी बिंदू म्हणजे पॉइंट क्लाउड.

जंगलासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. विमान १,००० मीटरवर असेल तर खाली पोचेपर्यंत किरण पसरून त्याचा ठिपका साधारण २५ ते ५० सेंटिमीटर रुंद होतो. त्या ठिपक्याचा काही भाग शेंड्याच्या पानांवर अडतो आणि परत येतो. उरलेला खाली सरकतो, मधल्या फांदीवर थोडा, झुडपावर थोडा, आणि नशीब असेल तर शेवटचा अंश जमिनीवर. म्हणजे एकाच स्पंदाचे अनेक परतावे. बहुतेक यंत्रं १,०६४ किंवा १,५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण वापरतात. जिवंत पानं १,०६४ च्या आसपासचा अवरक्त प्रकाश जोरात परतवतात, त्यामुळे झाडोरा छान नोंदला जातो.

जंगलाच्या उभ्या रचनेचा आणि जीवविविधतेचा संबंध मात्र लेझरच्या आधीपासून माहीत आहे. रॉबर्ट आणि जॉन मॅकआर्थर यांनी १९६१ साली दाखवलं की एखाद्या रानात पक्ष्यांच्या किती जाती असतील याचा अंदाज तिथल्या झाडांच्या जाती मोजण्यापेक्षा पानं किती उंचीवर कशी विभागली आहेत हे मोजून जास्त चांगला येतो. त्यांची मोजण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. ठरावीक उंचीवर एक फळी धरायची आणि पानांनी तिचा निम्मा भाग झाकला जाईपर्यंत मागे मागे जायचं. जितक्या कमी अंतरात फळी झाकली जाईल तितकी त्या उंचीवर पानं दाट. जमीन, झुडपं, वरचा भाग, असं प्रत्येक थरात. आज विमान एका उड्डाणात हेच काम हजारो हेक्टरवर करतं.

आता माझा मुद्दा. इतकं सगळं हातात असताना बहुतेक ठिकाणी काम थांबतं ते शेंड्याच्या उंचीच्या नकाशावर. वरच्या पृष्ठभागातून जमिनीची उंची वजा केली, रंगीत नकाशा छापला, झालं. मधले सगळे परतावे फाइलमध्ये पडून राहतात. माझ्या मते जीवविविधतेची अर्धी माहिती त्या पडून राहिलेल्या बिंदूंत असते, आणि ती बाहेर काढायची तर आधी "कोणत्या जिवासाठी मोजतोय?" हे ठरवावं लागतं.

कॅलिफोर्नियाच्या ठिपकेवाल्या घुबडाचं उदाहरण घ्या. बरीच वर्षं समजूत होती की त्याला एकूण छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांचं आच्छादन, दाट असलेलं जंगल लागतं. मग तिथल्या सिएरा नेवाडा डोंगररांगेत लायडारने छत्र उंचीप्रमाणे वेगळं करून पाहिलं. २०१७ च्या त्या अभ्यासात दिसलं की घुबडाला हवी असतात ती ४८ मीटरहून उंच झाडं. २ ते १६ मीटरमधल्या दाटीपासून ते उलट दूर राहतं. वरून बघितलं तर दोन्ही "दाट छत्र"च. पण तिथे वणवे आवरायला खालची दाटी विरळ करावी लागते, आणि त्याने घुबडाचं घर जाईल अशी भीती होती. उंचीप्रमाणे मोजल्यामुळे त्या वादाचं स्वरूपच बदललं.

विचारा, भर घाला, विरोध करा.

सांजवेळ

पानगळताई, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. लेझरला झाडाची जात कळते का? आणि पक्षी, प्राणी दिसतात का?

पानगळ

शंका अगदी मुळाची आहे. प्राणी-पक्षी दिसत नाहीत. जात बहुतेक वेळा कळत नाही. मुकुटाचा, म्हणजे झाडाच्या फांद्या-पानांच्या घेराचा, आकार आणि परताव्याची तीव्रता यांवरून सूचिपर्णी की रुंद पानांचं, इतपत सांगता येतं, तेही जिथे मोजक्याच जाती आहेत तिथे. उष्ण कटिबंधातल्या मिश्र जंगलात ते जमत नाही. तिथे सोबत हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा लावतात. तो पानांतली रसायनं रंगपटावरून ओळखतो आणि लायडार कोणता रंग कोणत्या मुकुटाचा ते सांगतो.

उंचझोका

+१. उंच झाडांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. बोर्निओत, मलेशियाच्या साबा राज्यातल्या डॅनम खोऱ्यात 'मेनारा' नावाचं पिवळं मेरांती जातीचं झाड आहे. २०१८ मध्ये ते आधी लायडारच्या डेटात दिसलं, मग २०१९ च्या जानेवारीत माणूस टेप घेऊन वर चढला. १००.८ मीटर भरलं! ॲमेझॉनमध्येही असंच. ८८.५ मीटरचं आंजेलिम व्हर्मेल्यो जातीचं झाड लायडारमुळेच २०१९ मध्ये जगापुढे आलं. त्याआधी तिथे इतकी उंच झाडं असतील असं मानतच नव्हते. इतकी वर्षं उभी असलेली झाडं, आणि जमिनीवरून चालणाऱ्या कोणालाच त्यांची उंची कळली नव्हती, याने मी अजूनही भारावतो.

मातीचेपाय

लेख आवडला, पण माझा विरोध नोंदवतो. मी वनस्पतींच्या नोंदी जमिनीवर बसून घेणारा माणूस आहे.

पहिली गोष्ट पैशाची. विमान उडवायला निधी मिळतो, पण शेवाळं, दगडफूल, बुरशी ओळखणाऱ्या माणसाला दोन हंगाम पगार द्यायला मिळत नाही. तुमचा पॉइंट क्लाउड तपासायला शेवटी तोच माणूस लागणार आहे. तो निवृत्त झाला की नंतर तुम्ही कशाशी ताडून बघणार?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. "उभी विविधता जास्त म्हणजे जीवविविधता जास्त" हे समीकरण मला धोक्याचं वाटतं. घाणेरीचं बघा. ही मूळची अमेरिका खंडातली झुडपी जात आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत रानं व्यापून बसली आहे. मोकळ्या जंगलात घाणेरी शिरली की तुमच्या यंत्राला खाली एक नवा, भरगच्च थर दिसणार. आकडा वर जाणार. प्रत्यक्षात तिच्याखाली गवत मरतं, रोपं उठत नाहीत. अहवालात मात्र रचना "समृद्ध" झालेली असेल.

तिसरं, गवताळ माळ. तिथे उंची नाही, थर नाहीत. उंचीच्या मोजपट्टीवर माळ नेहमीच नापास होणार आणि कोणीतरी तिथे झाडं लावायला जाणार. हे मी होताना पाहिलं आहे. ज्या माळावर जमिनीवर घरटी करणारे पक्षी होते तिथे रांगेने रोपं उभी राहिली आणि पक्षी गेले.

पानगळ

मातीचेपाय, तुमचा दुसरा आणि तिसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच "कोणासाठी मोजतोय?" हा प्रश्न आधी विचारायचा म्हणते. माळावरच्या पक्ष्यासाठी उंच थर वाढणं ही वाईट बातमी आहे, आणि लायडार ती वाईट बातमीही तितक्याच नीट देतो. माळात झुडपं कुठून कशी सरकत आली हे दोन वेळच्या उड्डाणांतून स्पष्ट दिसतं. आकडा वाढला की चांगलं, असं ठरवणारी माणसं असतात, लायडार नव्हे.

घाणेरीचं म्हणाल तर एकच निर्देशांक वापरला की फसगत ठरलेली. पानांच्या थरांची विविधता हा एक आकडा झाला. किती थर आहेत आणि पानं त्यांत किती सारखी वाटली गेली आहेत, एवढंच तो सांगतो. त्याच्या जोडीला १ ते ३ मीटरमधली घनता वेगळी काढली आणि ती थोड्या वर्षांत एकसलग वाढलेली दिसली, तर जमिनीवर माणूस पाठवायची जागा कळते.

पैशाबद्दल: जाणकार माणूस आणि विमान यांत एकच निवडायचं असेल तर मी माणूस निवडेन. पण दोघांना एकत्र आणलं की काय होतं ते डेन्मार्कमध्ये दिसतं. तिथे देशभर १३० ठिकाणी वनस्पती, बुरशी, दगडफूल, शेवाळ यांच्या बारकाईने नोंदी केल्या आणि देशाच्या खुल्या लायडार डेटाशी ताडून पाहिल्या. बुरशीसारख्या, वरून कधीच न दिसणाऱ्या जिवांच्या विविधतेचाही काही भाग जमिनीचा चढउतार, ओलावा आणि झाडोऱ्याची रचना यांवरून समजावता आला. पण आधी १३० ठिकाणी गुडघ्यावर बसून बुरशी ओळखणारी माणसं होती, म्हणून.

आणि क्रूगरचा हत्तींचा अभ्यास. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात काही भाग बरीच वर्षं कुंपण घालून मोठ्या प्राण्यांपासून बंद ठेवलेले आहेत. ग्रेग ॲस्नर आणि शॉन लेविक यांनी २००८ आणि २०१० मध्ये तिथून विमान नेलं, सुमारे ५८,००० झाडं एकेक करून ओळखली आणि दोन वर्षांत कोणती पडली ते पाहिलं. हत्ती फिरू शकतात त्या भागात झाडं पडण्याचं प्रमाण सरासरी सहा पट निघालं, आणि ५ ते ९ मीटर उंचीची झाडं सर्वांत जास्त पडत होती. त्याआधी हत्ती किती झाडं पाडतात यावर नुसता वाद होता. इथे कुंपण घालणारे, ते टिकवणारे आणि विमानवाले, तिघे मिळून उत्तर मिळालं. एकट्या विमानाला ते मिळालं नसतं.

मातीचेपाय

क्रूगरचं उदाहरण पटलं, कारण त्यात तुलना करायला बंद भाग होते. माझा आग्रह तोच आहे. उड्डाणाच्या खर्चाच्या प्रस्तावातच जमिनीवरच्या नोंदींचा खर्च धरलेला असावा, नंतर बघू म्हणून सोडू नये.

ठिपका

उशिरा येतोय. मी पॉइंट क्लाउडची सफाई आणि वर्गवारी करतो, त्यामुळे माझी भर पडद्यामागची.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे जमीन. झाडाची उंची म्हणजे शेंड्याची उंची वजा जमिनीची. दाट सदाहरित रानात जमिनीपर्यंत पोचणारे स्पंद फार थोडे. जिथे एकही पोचला नाही तिथे सॉफ्टवेअर आजूबाजूच्या बिंदूंवरून जमीन ओढून घेतं, किंवा दाट नेच्यालाच जमीन समजतं. जमीन मीटरभर वर चढली की झुडपांचा अख्खा थर गायब. पानगळताई ज्या मधल्या-खालच्या थराबद्दल बोलताहेत, त्याचा पहिला बळी इथे जातो. म्हणून मी कोणताही निर्देशांक काढण्याआधी रानाचा उभा काप काढून डोळ्यांनी बघतो. दोन मीटर रुंदीची पट्टी कापायची, बाजूने बघायची, आणि वर्ग २ म्हणजे जमिनीचे बिंदू खरंच तळाला बसलेत का ते तपासायचं. काही ठिकाणी ते हवेत लटकलेले दिसतात.

दुसरं, उतार. डोंगराच्या कडेला उभ्या झाडाचा मुकुट उताराच्या बाजूला पसरलेला असतो. त्या फांदीखालची जमीन बुंध्यापेक्षा बरीच खाली. मग प्रत्येक बिंदूतून त्याच्या खालची जमीन वजा केली की ती बाजूची फांदीच झाडाचा शेंडा ठरते. झाड आहे त्याहून उंच, आणि शेंडा भलतीकडे.

तिसरं, शेंडा चुकणं. निमुळत्या सूचिपर्णी झाडाच्या टोकावर नेमका स्पंद पडेल असं नाही. विरळ बिंदू असतील तर उंची कमीच येते.

चौथं, ऋतू. नेदरलँड्सचा एएचएन हा लायडारचा डेटा सगळ्यांनी बघावा असा आहे. १९९० च्या दशकात सुरू झालेला, देशभराचा, पुन्हा पुन्हा उडवलेला (तिसरी फेरी २०१४ ते २०१९, चौथी २०२० ते २०२२) आणि सगळ्यांना खुला. पण तो केला जमिनीच्या आणि बांधांच्या उंचीसाठी, पाण्याच्या व्यवस्थापनासाठी. जमीन नीट दिसावी म्हणून उड्डाणं पानं गळलेल्या काळात. आता त्यातून पानांची घनता काढायला गेलात तर तुम्ही फांद्याच मोजताय. तरी त्याच डेटातून पाणथळीतल्या लव्हाळ्यांचे पट्टे, त्यांची उंची, दाटी काढून तिथल्या वटवट्या पक्ष्यांच्या वावराशी जोडता येते, कारण वाळलेली लव्हाळी हिवाळ्यातही उभी असतात. कोणत्या हेतूने उडवलंय ते वाचल्याशिवाय डेटा उघडू नका.

निळाई

मस्त चर्चा. माझे तीन प्रश्न. हेच ड्रोनवरून होत नाही का? लेझरमुळे पक्ष्यांच्या डोळ्यांना इजा होते का? आणि पाण्याखालचं काही दिसतं का?

ठिपका

ड्रोन: होतं, पण "ड्रोन" म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी म्हणतात. ड्रोनवर साधा कॅमेरा लावून अनेक फोटोंतून त्रिमिती आकार काढता येतो, पण त्यासाठी तीच जागा दोन-तीन फोटोंत दिसावी लागते. दाट छत्राखालची जमीन फोटोत दिसतच नाही, त्यामुळे वरचं कवच मिळतं, आतलं काही नाही. ड्रोनवर लायडार लावला तर आतलंही मिळतं, आणि कमी उंचीमुळे चौरस मीटरला शेकडो बिंदू. पण क्षेत्र लहान. एखाद्या संशोधन भूखंडाला ड्रोन, अख्ख्या खोऱ्याला विमान.

डोळे: १,५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याच्या पुढच्या भागातल्या पाण्यातच शोषला जातो, पडद्यापर्यंत पोचत नाही. १,०६४ चा पोचू शकतो. म्हणून प्रत्येक यंत्राला एक किमान सुरक्षित अंतर ठरवून दिलेलं असतं आणि विमान त्याहून वर ठेवतात. हे नियम माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले आहेत. पक्ष्यांच्या बाबतीत मला आवाजाची आणि ड्रोनच्या जवळिकीची काळजी जास्त वाटते. शिकारी पक्षी ड्रोनवर झडप घालतात, वसाहतीत घरटी करणारे पक्षी घरट्यावरून उठतात आणि अंडी-पिल्लं उघडी पडतात. विणीच्या काळात घरट्यांच्या वसाहतींवर ड्रोन नकोच.

पानगळ

पाण्याचं मी सांगते. अवरक्त किरण पाण्यात शोषला जातो, त्यामुळे तळी आणि नद्या पॉइंट क्लाउडमध्ये बहुधा रिकाम्या भोकांसारख्या दिसतात. पाण्याखाली बघायला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर लागतो. तो पृष्ठभागावरून एकदा आणि तळावरून एकदा परततो. नितळ पाण्यात प्रवाळ, समुद्री गवत, नदीतले डोह असं बरंच मिळतं. गढूळ पाण्यात काही नाही.

रानचुकार

ओरांगउटानचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बोर्निओत किनाबातांगानच्या खालच्या खोऱ्यात, तोड होऊन गेलेल्या जंगलात ओरांगउटान कसे फिरतात हे नोंदवून ते लायडारच्या नकाशावर ठेवलं, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ते छत्र सलग असलेल्या, उंच आणि एकसारख्या उंचीच्या झाडांच्या दिशेने जातात, मोकळ्या जागा टाळतात. आपण "विविध उंची म्हणजे चांगलं" म्हणत होतो, आणि इथे एका मोठ्या वानराला फांदीवरून फांदीवर जायला एकसारखी उंची बरी पडते! शिवाय हे तोड झालेलं जंगल होतं. ते निकामी म्हणून सोडून न देता त्यातल्या कोणत्या सलग पट्ट्या राखायच्या हे ठरवता येतं, आणि याचा मला फार आनंद आहे.

सांजवेळ

हे काम उपग्रहावरून का करत नाहीत?

पानगळ

करतात. नासाचं जेडी हे उपकरण डिसेंबर २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलं. ते खास जंगलांची उभी रचना मोजायलाच बनवलेलं आहे. पण त्याचा एक ठिपका २५ मीटर रुंद, एका रांगेतल्या दोन ठिपक्यांत ६० मीटर, आणि रांगा एकमेकींपासून सुमारे ६०० मीटरवर. म्हणजे तो नमुने घेतो, सलग चित्र देत नाही. शिवाय स्थानकाच्या कक्षेमुळे ५१.६ अंश अक्षांशांच्या पलीकडची उत्तरेकडची जंगलं त्याच्या नजरेबाहेर. त्याचे ठिपके तपासायलाही खाली विमानाचा लायडार लागतो. एकेक झाड, एकेक मोकळी जागा बघायची तर विमानच.

हिरवीरेघ

पर्यावरणशास्त्र शिकते आहे. प्रकल्पासाठी दोन वेगळ्या वर्षांचा खुला डेटा घेऊन झाडोऱ्यातला बदल काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

ठिपका

लहान तुकडा घ्या, एक चौरस किलोमीटर पुरे. बघायला क्लाउडकम्पेअर, गणिताला आर भाषेतलं लिड-आर. दोन्ही मोफत आहेत. आधी दोन्ही वर्षांची बिंदूंची घनता काढा. जुन्यात चौरस मीटरला २ आणि नव्यात १५ असतील तर नव्यातले विरळ करून दोन्ही सारखे करा. नाहीतर नव्या यंत्राला जास्त दिसलं याचाच निष्कर्ष "झुडपं वाढली" असा निघेल. पॉइंट क्लाउडसोबतचा अहवाल वाचून दोन्ही उड्डाणं एकाच ऋतूतली आहेत ना ते पाहा, आणि तिरक्या कोनातले कडेचे बिंदू गाळून टाका.

पानगळ

यात एकच जोडते. बदल काढण्याआधी जे बदललं नसणार अशा जागा शोधा: डांबरी रस्ता, सपाट छप्पर, उघडा खडक. दोन्ही वर्षांत त्यांची उंची जुळते का पाहा. रस्ताच २० सेंटिमीटर वर गेलेला दिसला तर तेवढा फरक सगळ्या झाडांतही आहे, तो आधी काढा. मग २० मीटरच्या चौकटी पाडा, प्रत्येकीत १ मीटरच्या थरांत बिंदूंचं प्रमाण मोजा आणि ज्या चौकटींत सर्वांत मोठा बदल दिसतो तिथे स्वतः जाऊन या. जाताना मातीचेपाय यांच्यासारखं कोणीतरी सोबत न्या. तिथे काय उगवलंय, काय मेलंय, ते नावानिशी लिहून आणा आणि इथेच टाका, आपण मिळून बघू.

मातीचेपाय

हिरवीरेघ, वनस्पतींचे फोटो टाकलेत तर ओळखायला मी आहे. पानाची वरची आणि खालची बाजू, खोडाची साल, आणि फुलं-फळं असतील तर ती, असे वेगवेगळे फोटो काढा. नुसत्या हिरव्या गचपणाचा लांबून काढलेला फोटो उपयोगाचा नाही.